चमचाभर मातीचं गणित: जंगल तोडलं की जिवाणूंचं काय होतं?

फाल्गुन सरत आला की आमच्याकडे कोकणात भाजावळ सुरू होते. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, जिथे करायची, तेवढ्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर कवळ, म्हणजे झाडांच्या तोडून वाळवलेल्या डहाळ्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यांत वर बारीक मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट बाजूने विस्तव लावायचा. असं केलं की हा रचलेला थर, म्हणजे राब, भडाभडा पेटत नाही, धुमसत धुमसत आतपर्यंत भाजतो. लहानपणी दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या राखेत पाय घालायचो. ऊबदार आणि पिठासारखी मऊ लागायची. "भाजल्याशिवाय रोपाला जोर येत नाही रे," आत्या सांगायची.

आत्याचं म्हणणं रसायनशास्त्राला धरून होतं. कोकणातली जांभ्याची माती आम्ल असते. राखेत पोटॅश आणि चुना असतो. राख मिसळली की मातीचा आम्लपणा कमी होतो, म्हणजेच तिचा सामू वर चढतो, आणि तणाचं बी जळतं ते वेगळंच. माती परीक्षणाच्या कागदावर 'सामू' या नावाने जो आकडा येतो, तोच या लेखात पुन्हा पुन्हा भेटणार आहे. 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. हा आकडा एकाने बदलला की आम्लपणा दहापटीने बदलतो, हे मात्र तो कागद सांगत नाही.

आता हीच भाजावळ हजारो हेक्टरांवर झाली असं डोळ्यांसमोर आणा.

ब्राझीलच्या पश्चिमेला, बोलिव्हियाच्या सीमेला लागून रोंडोनिया नावाचं राज्य आहे. अ‍ॅमेझॉनचं जंगल ज्या भागांत सगळ्यांत झपाट्याने तुटलं, त्यांपैकी हा एक. बीआर-364 हा महामार्ग झाला, त्याला काटकोनात आडरस्ते फुटले, रस्त्यांच्या कडेने लोक वसले आणि जंगल मागे हटत गेलं. उपग्रहातून घेतलेल्या चित्रात ही तोड माशाच्या काट्यासारखी दिसते. तोडण्याची रीत ठरलेली असते. कोरडा हंगाम लागला की झाडं पाडायची, दोन-तीन महिने वाळू द्यायची, मग पेटवायची. राखेत गवताचं बी टाकायचं. हे गवत बहुधा ब्रॅकियारिया, मूळचं आफ्रिकेतलं. गवत वर आलं की गुरं सोडायची. ब्राझीलमधल्या अ‍ॅमेझॉनचा सुमारे एक पंचमांश भाग आजवर तुटला आहे आणि त्यातला सर्वांत मोठा हिस्सा अशी कुरणं झाला आहे.

याच राज्यात फझेंडा नोव्हा व्हिदा नावाची गुरांची एक प्रचंड इस्टेट आहे. नावाचा अर्थ 'नवं आयुष्य'. मातीचा अभ्यास करणाऱ्यांना ती फार मोलाची वाटते, कारण तिथे वेगवेगळ्या वयाची कुरणं जवळजवळ आहेत. एक 1911 सालचं, एक 1972 सालचं, काही 1980 च्या दशकातली, आणि शेजारी न तोडलेलं जंगलही. जंगल तोडल्यावर मातीत काय होत जातं हे पाहायला शंभर वर्षं थांबायला नको. एका कुंपणातून दुसऱ्या कुंपणात चालत गेलं की झालं.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जॉर्जे रॉड्रिग्ज आणि त्यांच्या ब्राझिली-अमेरिकी सहकाऱ्यांनी तिथल्या जंगलाची आणि कुरणांची माती तपासली. निष्कर्ष 2013 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आले. जंगल तोडून कुरण केलं की मातीतले जिवाणू कमी होणार, असं आपण सहज म्हणू. पण एका जागची माती घेऊन मोजलं, तर कुरणाच्या मातीत जंगलापेक्षा जास्त प्रकारचे जिवाणू निघाले.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानावर थांबलो होतो. हा आकडा खरा आहे. आणि तो एकटा वाचला तर त्याचा अर्थ पार उलटा लागतो. तो नीट कसा वाचायचा हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

आधी हे मोजतात कसं ते पाहू. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही एक ग्रॅम माती नऊ मिलिलिटर पाण्यात ढवळायचो, त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नळीत, तिथून पुढच्या नळीत, असं सहा-सात वेळा विरळ करत न्यायचो आणि शेवटचे थेंब आगरच्या थाळीवर पसरायचो. दोन दिवसांनी थाळीवर ठिपके उमटायचे, पिवळे, पांढरे, एखादा गुलाबी. एक ठिपका म्हणजे मूळच्या एका जिवाणूचा सगळा गोतावळा. ठिपके मोजून वहीत आकडा लिहायचा. पण तीच माती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर थाळीवर दिसले त्याच्या कितीतरी पट जिवाणू तिथे असतात. मातीतल्या जिवाणूंपैकी जेमतेम शेकडा एकच आपल्या थाळीवर वाढतात. बाकीच्यांना काय खायला द्यावं, कुणाच्या शेजारी ठेवावं, हे आपल्याला ठाऊक नाही.

मग या न वाढणाऱ्यांना मोजायचं कसं? 1990 मध्ये नॉर्वेच्या विग्दिस टॉर्स्विक यांनी एक सुंदर युक्ती वापरली. जंगलातल्या मातीतला सगळा डीएनए त्यांनी एकत्र काढला आणि तापवला. तापवल्यावर डीएनएच्या जोडीतले दोन धागे सुटे होतात. निववलं की प्रत्येक धागा आपला जोडीदार शोधून पुन्हा चिकटतो. देवळाबाहेर चपलांचा ढीग पडला आहे असं समजा. त्यात दोनच तऱ्हेच्या चपला असतील, तर कुठल्याही चपलेला जोडीची चप्पल लगेच मिळते. हजारो तऱ्हा असतील, तर शोधता शोधता संध्याकाळ होते. टॉर्स्विक यांनी नेमकी ही वेळ मोजली. त्यावरून त्या मातीत अगदी वेगवेगळे असे सुमारे 4,000 जनुकसंच (जनुकसंच म्हणजे एका जिवाणूचा सगळा डीएनए) असावेत असा हिशेब निघाला. थाळीवरच्या ठिपक्यांनी ही गोष्ट कधीच सांगितली नसती.

आज काम आणखी सोपं झालं आहे. प्रत्येक जिवाणूकडे प्रथिनं बनवणारी यंत्रणा असते आणि तिच्या एका भागाचं जनुक, ज्याला सोळा-एस म्हणतात, सगळ्यांकडे असतं. ते प्रत्येकाकडे थोडं वेगळं असतं. आडनावासारखं म्हणा. मातीतून डीएनए काढायचा, तेवढं जनुक वाचायचं आणि किती वेगवेगळी आडनावं निघाली ते मोजायचं. जिवाणू जिवंत वाढवायची गरजच उरत नाही.

आता कुरणाच्या मातीत प्रकार वाढले कसे याकडे येऊ. उत्तर पुन्हा आत्याच्या राबात सापडतं. 2006 मध्ये नोआ फिअरर आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या 98 ठिकाणच्या मातीचे जिवाणू तपासले. पाऊस, तापमान, झाडोरा, अक्षांश असं सगळं ताडून पाहिलं. विविधता कुठे जास्त आणि कुठे कमी हे सर्वांत चांगलं कशावरून कळत होतं? मातीच्या सामूवरून. उदासीन मातीत प्रकार सर्वाधिक, आम्ल मातीत कमी. आणि त्या सगळ्या नमुन्यांत सर्वांत आम्ल व सर्वांत कमी विविधतेची माती कुठली होती, तर पेरूमधल्या अ‍ॅमेझॉनची. वर झाडं, पाखरं, कीटक यांची जगात तोड नसलेली दाटी आणि खाली जिवाणूंचे प्रकार तुलनेने मोजके.

कारण कळायला अवघड नाही. फार आम्ल मातीत अ‍ॅल्युमिनियम विरघळून मोकळं होतं आणि ते विषारी असतं. चुना, मॅग्नेशियम असली क्षारद्रव्यं पावसाने केव्हाच वाहून गेलेली असतात. अशा जागी जगायला खास तयारी लागते. ती असलेले टिकतात, बाकीचे उंबऱ्याबाहेर थांबतात. जंगल जाळलं की राखेने सामू वर जातो, म्हणजे उंबरा उतरतो, आणि बाहेर थांबलेले आत येतात. गवताच्या बारीक, दाट मुळांतून साखरेसारखे पदार्थ सतत झिरपतात, शेण पडतं. खाणं वाढतं, तसे खाणारे वाढतात. आगीची धग सोसणारे बीजाणू बनवणारे जिवाणूही अशा वेळी पुढे सरसावतात. एका चमच्यातली गर्दी वाढणं यात नवल काहीच नाही.

पण रॉड्रिग्ज यांच्या चमूने एकाच चमच्यावर काम थांबवलं नव्हतं. त्यांनी काही सेंटिमीटरांच्या अंतरावरून नमुने घेतले, मग काही मीटरांवरून, मग त्याहून लांबून. आणि दर वेळी एकच प्रश्न विचारला: या दोन चमच्यांत एकमेकांपेक्षा वेगळं असं किती आहे?

इथे मला भाताचा दाखला द्यावासा वाटतो. पूर्वी आजऱ्याकडे घनसाळ, मावळात आंबेमोहर, आणखी कुठे काळी गजरी, कुठे वरंगळ, अशी गावोगावची वाणं होती. समजा, दहा गावांत प्रत्येकी चार वाणं होती आणि प्रत्येक गावाची वाणं निराळी. एकूण चाळीस. आता त्याच दहा गावांत कृषी सेवा केंद्रं आली आणि प्रत्येक केंद्रात आठ वाणांच्या पिशव्या लागल्या, पण सगळीकडे त्याच आठ. गावात उभं राहून मोजणारा सांगेल, वाणं दुप्पट झाली. दहा गावं फिरून आलेला सांगेल, चाळिसाची आठ झाली. दोघंही खरं बोलतात. आकडे माझ्या मनचे आहेत, पण नोव्हा व्हिदाच्या मातीत घडलं ते याच जातीचं.

जंगलात एका जागेची माती आणि थोड्या अंतरावरची माती यांतले जिवाणू बरेच वेगळे होते. कुरणात कुठेही जा, साधारण तीच मंडळी. जे नाहीसे झाले, ते मुख्यतः थोड्याच जागेत राहणारे, जंगलातल्या एखाद्या कोपऱ्यापुरते असलेले जिवाणू होते. जे वाढले, ते कुठेही तग धरणारे आणि दूरवर पसरलेले. आम्लपणा मानवणाऱ्या अ‍ॅसिडोबॅक्टेरिया या गटाचं जंगलाच्या मातीत मोठं प्रस्थ होतं. कुरणात ते घटलं. वैज्ञानिक भाषेत याला जैविक एकजिनसीपणा म्हणतात. शब्द रुक्ष आहे, पण त्यामागचं नुकसान मला चाळीस वाणांची आठ होण्याइतकंच जवळचं वाटतं.

एकसारखेपणा येतो कुठून, हे जंगलाच्या जमिनीकडे जवळून पाहिल्यावर उमगतं. अ‍ॅमेझॉनच्या एका हेक्टरात शेकड्याने झाडांच्या जाती असतात. म्हणजे इथे एका झाडाचा कडवट, सावकाश कुजणारा पाला, दोन पावलांवर दुसऱ्याचा मऊ, लगेच विरघळणारा. इथे पडलेला ओंडका, तिथे मुंग्यांचं वारूळ, पलीकडे कायम ओली घळ. प्रत्येक जागेचा सामू, ओल, सावली, खाणं थोडंथोडं निराळं. जिवाणूच्या आकाराच्या मानाने दोन पावलं म्हणजे तालुक्याएवढं अंतर. झाडं गेली, आग सगळीकडून फिरली, राखेचा थर सगळीकडे बसला, एकाच जातीचं गवत क्षितिजापर्यंत उगवलं आणि गुरांच्या खुरांनी वरची माती दाबून टाकली. वेगवेगळ्या घरांच्या वाडीच्या जागी एकाच नकाशाची चाळ उभी राहावी, तसं होतं.

"मग झालं काय? जिवाणू तर आहेतच ना?" असा प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारतात. रास्त प्रश्न आहे. पाला कुजवणं, नत्र फिरवणं ही रोजची कामं करणारे पुष्कळ असतात. एक गेला तर दुसरा ते काम उचलतो. सगळी कामं मात्र अशी नसतात. मिथेन हा हवा तापवणारा वायू जंगलाची कोरडी, भुसभुशीत माती हवेतून शोषून घेते, कारण मिथेनवर जगणारे जिवाणू तिच्यात असतात. नोव्हा व्हिदावर 1990 च्या दशकात मोजणी झाली, तेव्हा जंगलाची माती मिथेन घेत होती आणि कुरणाची माती वर्षाअखेरीस तो सोडत होती. खुरांनी दबलेल्या जमिनीत पाणी साचतं, प्राणवायू आत पोचत नाही, मिथेन खाणाऱ्यांचं जगणं अवघड होतं आणि तो बनवणाऱ्यांचं फावतं. हे बनवणारे खरं तर जिवाणू नव्हेत, आर्किया नावाच्या वेगळ्या कुळातले आहेत. जमीन तीच राहिली, पण हवेशी तिचा व्यवहार उलटला. हे गुरांच्या पोटातून निघणाऱ्या मिथेनशिवायचं आहे, हेही लक्षात घ्या.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं गेलं. ते बनवणारा जिवाणू तिथल्याच मातीत मिळाला होता आणि त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. पहिल्या पावसात मातीचा जो वास आपल्याला वेड लावतो, तोही मुख्यतः याच स्ट्रेप्टोमायसेस कुळाच्या जिवाणूंमुळे येतो. एखाद्या गावाचं नाव लावून औषध बनवणारा जिवाणू आणखी कुठल्या मातीत आहे, हे ती माती तपासेपर्यंत कुणालाच कळत नाही. थोड्याच जागेत राहणारे जिवाणू आधी जातात, याचा अर्थ इथे जास्त बोचतो.

एका जागचा आकडा किती फसवतो, याचं युरोपातलंही उदाहरण आहे. 2023 मध्ये तिथल्या 24 देशांतल्या 715 ठिकाणच्या मातीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जंगलापेक्षा गवताळ जमिनीत आणि त्याहून नांगरलेल्या शेतात जिवाणू आणि बुरशी यांची विविधता जास्त निघाली. पण शेतातल्या त्या गर्दीत पिकांना रोग करणाऱ्या बुरशीचं प्रमाण जास्त होतं आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या उपकारक बुरशीचं कमी. म्हणून कुणी एकाच नमुन्यावरून "आमच्या मातीत जैवविविधता वाढली" असं सांगितलं, की मी दोन गोष्टी विचारतो: वाढलं ते कोण, आणि शेजारच्या बांधापलीकडे वेगळं काही उरलंय का?

अ‍ॅमेझॉनची गोष्ट जशीच्या तशी आपल्या सगळ्या जमिनींना लावता येणार नाही, हेही सांगायला हवं. देशावरच्या काळ्या रानाचा सामू मुळातच 7 च्या वर, पुष्कळदा 8 च्या आसपास असतो. तिथे राखेने उंबरा उतरण्याचा प्रश्न येत नाही. तिथे वर्षानुवर्षांच्या नांगरटीने सेंद्रिय कर्ब झडतो आणि जिवाणूंचं खाणंच आटतं. रोंडोनियाशी खरं साम्य जुळतं ते सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, जिथे माती आम्ल आहे, पाऊस उदंड आहे आणि मिश्र झाडोऱ्याच्या जागी एकाच जातीची लागवड होते आहे. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला रबराच्या बागा पाहिल्या आहेत? ओळीत लावलेली, एका वयाची, एका जातीची झाडं. बाग हिरवीगार दिसते. पण खाली सगळीकडे एकच पाला पडतो.

मग आत्याचा राब वाईट का? माझ्या मते नाही. तरव्याला लागणारी जमीन लागवडीच्या साधारण दहावा भाग असते. तो ठिपका असतो, भोवती बांध, खाचरं, कातळ, रान असं सगळं शिल्लक असतं. भरपूर पावसात राखेतले क्षार धुऊन जातात आणि माती पुन्हा आम्ल होऊ लागते. म्हणून तर भाजावळ दरवर्षी करावी लागते. कवळासाठी झाडं ओरबाडली जातात ती चिंता खरी आहे, पण ती वेगळी.

नोव्हा व्हिदासारख्या ठिकाणी ठिपका आणि भोवताल यांची अदलाबदल झालेली असते. कुरण सोडून दिलं तर त्यावर पुन्हा रान चढतं. ब्राझीलमध्ये अशा रानाला कापोएरा म्हणतात. तिथली माती तपासली तेव्हा जिवाणूंची घडण मूळ जंगलाच्या दिशेने परत सरकताना दिसली, पण पूर्णपणे तिथवर पोचलेली नव्हती. जे जिवाणू जंगलाच्या एखाद्या कोपऱ्यातच होते, ते परत यायला तो कोपरा कुठेतरी उभा असायला हवा.

ब्राझीलच्या वनकायद्याप्रमाणे अ‍ॅमेझॉनच्या जंगलपट्ट्यातल्या जमीनमालकाने 80 टक्के जंगल राखायचं असतं. हा आकडा मोठा आहे आणि तो पाळला जावा अशीच माझी इच्छा आहे. पण जिवाणूंच्या बाजूने पाहिलं तर किती राखलं याच्या जोडीला कुठे कुठे राखलं हेही तितकंच मोलाचं ठरतं. घळीतलं, टेकाडावरचं, नदीकाठचं, प्रत्येकातलं थोडं थोडं. आपल्याकडे देवरायांनी हेच काम न ठरवता केलेलं आहे. कुणाची चार गुंठे, कुणाची दोन एकर, एक डोंगराच्या खांद्यावर, एक झऱ्यापाशी. गेल्या पावसाआधी आमच्या वाडीच्या देवराईत सात-आठ जणांबरोबर गेलो होतो. एकाने विचारलं, एवढीशी जागा राखून काय होणार, त्यापेक्षा एकच मोठं जंगल नको का? मी त्याला खाली बसवलं, पाला बाजूला केला आणि हातभर अंतरावरच्या दोन जागांची माती त्याच्या दोन तळहातांवर ठेवली. एक काळसर, ओलसर, मुळांच्या जाळ्याने बांधलेली. दुसरी तांबूस, रवाळ. त्याने दोन्हींचा वास घेतला. वासही एक नव्हता.